दूध-क्रीम सोडून स्ट्रॉबेरी कशी खाता?

फोंडा
जानेवारी लागला की बाजारात स्ट्रॉबेरीच्या डब्या दिसायला लागतात आणि मला मोह आवरत नाही. पण मला दूध पचत नाही, सासऱ्यांना मधुमेह. म्हणजे क्रीम माझ्यासाठी बाद, साखर त्यांच्यासाठी. नुसत्या खायच्या तर निम्म्या आंबट निघतात. दुधाशिवाय तुमच्याकडे काय करतात ते लिहा. फसलेले प्रयोग तर नक्कीच लिहा, त्यांचाच उपयोग जास्त.

म्हापसा
आधी खरेदीचं बोलूया. चिकू घरी पिकतो, स्ट्रॉबेरी तोडल्यावर पिकत नाही. देठापाशी पांढरी असेल तर ठेवून मऊ होईल, गोड नाही. महाबळेश्वर-पाचगणीहून घाट उतरून येईपर्यंत खालचा थर चेपतो, म्हणून मी डबी उलटी करून बघते. विकणारी रागावते. रागावू दे. घरी आणल्यावर लगेच धुवायची नाही, खाताना धुवायची, आणि तीही हिरवी टोपी न काढता. आधी काढली तर आत पाणी शिरून चव पाणचट होते.

पणजी
फसलेला प्रयोग माझ्याकडून घ्या. नारळाचा दाट रस, सात-आठ स्ट्रॉबेरी आणि चिमूटभर वेलची मिक्सरमधून काढली आणि जग फ्रिजमध्ये ठेवला. दुपारी नवऱ्याने सोलकढी समजून भातावर ओतली! दोन घास खाल्ले आणि विचारलं, "लसूण घालायला विसरलीस?" रंग अगदी तोच हो. चूक मात्र माझीच, जगावर काही लिहायला हवं होतं. अजून एक, नारळाचा रस थंडीत गोठतो आणि वर साय धरतो. तीच साय काढून फेटली तर क्रीमची आठवणही येत नाही.

मडगाव
आम्ही काजू वापरतो. अख्खा महाग पडतो, तुकडा आणा. मूठभर चार तास भिजवून कपभर पाण्यात अगदी बारीक वाटायचा, मग त्यात फळं फिरवायची. गाळायची गरज नाही. मुलीला एक खजूर घालते, पण तुमच्या सासऱ्यांसाठी घालू नका.

सांगे
मधुमेहाबद्दल थोडंसं. 100 ग्रॅम स्ट्रॉबेरीत साधारण 32 कॅलरी, 5 ग्रॅमच्या आसपास साखर आणि 2 ग्रॅम चोथा असतो. क जीवनसत्त्व संत्र्याच्या तोडीस तोड. त्यामुळे रस काढण्यापेक्षा अख्खी चावून खाल्लेली बरी. आम्ही भाजलेल्या शेंगदाण्यांबरोबर खातो, पोट भरतं. किती खायची ते त्यांच्या डॉक्टरांना विचारून ठरवा. आणि आपल्याकडेही नेत्रावळीच्या वर वेर्ले गावात स्ट्रॉबेरी लावली आहे बरं का.

वाळपई
एवढा खटाटोप? एप्रिलमध्ये करवंदं येतात, रानात फुकट.

कवळे
वाळपईकरांचं खरं आहे, पण जानेवारीत करवंद कुठून आणणार? मी स्ट्रॉबेरीला पाहुणी मानायचंच सोडलं. तिला आपल्या आंबट फळांच्या रांगेत बसवली आणि सासव केलं, म्हणजे खोबरं-मोहरीच्या वाटणातलं फळांचं कालवण. आंब्याचं करतो, अननसाचं करतो, मग हिचं का नको?

पहिल्यांदा अननसासारखी शिजवली. लगदा झाला, रंग विटला, आईने वाटी पुढे सरकवून विचारलं, "कितें गे हें?" दुसऱ्यांदा शिजवलीच नाही. पाव किलोला अर्धी वाटी ओलं खोबरं, दोन सुक्या मिरच्या, सुपारीएवढा माडाचा गूळ आणि मीठ घालून बारीक वाटलं. अर्धा चमचा मोहरी अगदी शेवटी घालून एकदाच फिरवली, जास्त वाटली तर कडवट होते. वाटण पातेल्यात काढून चिरलेल्या फोडी वरून घातल्या आणि हाताने हलकेच कालवल्या. दहा मिनिटांत त्या आपलं पाणी सोडतात, वेगळं पाणी घालू नका. आंबट निघालेल्या फोडी इथे जास्त शोभतात, त्यामुळे निवडत बसायचं कामच नाही. रात्रीपर्यंत ठेवू मात्र नका, पाणी सुटून पांचट होतं.

मडगाव
मोहरी भाजून की कच्ची?

कवळे
आई कच्ची घालते, मी थोड्या खोबरेल तेलात तडतडवून. घरात यावरून वाद आहे, त्यात तुम्ही पडू नका.

फोंडा
काल केलं. गूळ सुपारीऐवजी वाटाण्याएवढा, मोहरी कच्ची (वादात आम्ही आईंच्या बाजूने). सासरे चष्मा काढून जेवतात. पहिला घास घेतला, थांबले आणि म्हणाले, "आंबे इतले बेगीन आयले?" (इतक्या लवकर आले?) मी काही बोलले नाही. वाटीत अजून एक डाव वाढलं.