स्त्री, भेडिया, मुंज्या, थामा... तुम्ही कुठून सुरुवात केलीत? (अनुभव धागा)

दिवाळीत नणंद आणि तिची दोन पोरं (एक १३, एक ९) चार दिवस राहायला होती. पहिल्याच रात्री चकल्यांचा डबा मध्ये ठेवून सगळ्यांनी मिळून या एकमेकांत गुंतलेल्या हिंदी भुतांच्या विनोदी पिक्चरांपैकी स्त्री २ लावला, कारण समोर तोच दिसला. वीस मिनिटांत पॉज. हा जना दिल्लीत काय करतोय, त्या बाईला नाव का नाही, वेणीचं काय लफडं आहे, आणि पुढे तो लांडगा आला तेव्हा तर सासूबाई म्हणाल्या, अगं तुझा हात लागून दुसरंच काहीतरी लागलं वाटतं. सगळे बघितलेली मी एकटीच, त्यामुळे पिक्चर कमी आणि माझं कीर्तन जास्त.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: स्त्री ऑगस्ट २०१८, भेडिया नोव्हेंबर २०२२, मुंज्या जून २०२४, स्त्री २ त्याच वर्षी १५ ऑगस्टला आणि थामा २०२५ च्या दिवाळीत. झाले पाच. रूही (२०२१) पण त्याच निर्मात्यांचा, पण त्याला या गोतावळ्यात धरत नाहीत. सख्ख्या घरात राहून पंक्तीला न बसवलेला भाऊ असतो तसा.

तर तुम्ही कुठल्या क्रमाने बघितले, कोणाबरोबर आणि काय फजिती झाली ते लिहा. नुसता क्रम टाकून पळू नका. स्पॉयलर येणारच, ज्यांना नको त्यांनी इथूनच मागे फिरा.

तारीखवाला

यात विचारण्यासारखं काय आहे, ज्या क्रमाने आले त्या क्रमाने बघा. मी पाचही थिएटरात बघितलेत. लोक मोठमोठे तक्ते बनवतात पण या सगळ्याचा धागा एकच माणूस आहे, जना. स्त्रीमध्ये तो चंदेरी गावात हिरो विकी आणि बिट्टूचा दोस्त असतो आणि स्त्री त्याला उचलून नेते, भेडियात तोच भास्करचा (जो पुढे लांडगा होतो त्याचा) चुलतभाऊ म्हणून थेट अरुणाचलला रस्त्याच्या कामावर जातो, मुंज्याच्या शेवटी भास्करबरोबर दोन मिनिटं येऊन जातो, आणि स्त्री २ मध्ये त्याला दिल्लीहून परत चंदेरीला ओढून आणतात. म्हणजे जनाच्या मागे मागे चालत राहा, चुकायचं कामच नाही. आमच्या ग्रूपमध्ये आम्ही त्याला एसटी म्हणतो, गाव तिथे.

स्त्रीच्या आधी स्त्री २ बघणाऱ्यांना माझ्याकडून कोपरापासून नमस्कार. पहिल्याच्या शेवटी ती बिननावाची बाई बसमध्ये बसून स्त्रीची कापलेली वेणी स्वतःच्या केसांना जोडते, त्या एका शॉटवर अख्खं थिएटर गप्प झालं होतं. आम्ही सहा वर्षं त्यावर वाद घातले, ही कोण, चांगली की वाईट. आणि तुम्ही उत्तर आधी वाचून मग प्रश्न वाचणार?

पिंपळाखालची

मी तारीखवाल्यांशी असहमत. आमच्याकडे मुंज्यापासूनच सुरुवात झाली आणि बरोबर झाली.

कारण आजी. वय ८४, माहेर राजापूरकडचं. हिंदी भुतांचे पिक्चर म्हणजे तिच्यासाठी पांढरी साडी आणि धूर. पण "मुंज्या" नाव ऐकून चष्मा पुसून बसली. सुरुवात कोकणात, १९५२ साल. गोट्या नावाचा पोरगा, त्याचा जीव त्याच्यापेक्षा मोठ्या मुन्नीवर, म्हणून घरचे त्याची मुंज लावून देतात आणि पुढचा सगळा घोळ होतो. गोट्याचं मुंडन झालेलं डोकं दिसलं मात्र, आजी सुरू. की मुंज झाली आणि सोडमुंज व्हायच्या आत पोर गेलं की ते पिंपळावर जातं, त्यांच्या वाडीत एक पिंपळ होता, तिन्हीसांजेला तिकडून जायचं नाही, गेलंच तर मागे वळायचं नाही, आणि एकदा तिच्या भावाच्या पाठीत खडा बसला होता. मग जरा थांबून म्हणाली, "पण आमचा मुंजा खडे मारायचा हो, लग्न नव्हता मागत."

ते मला लईच आवडलं. खरंच आहे, आपल्याकडचा मुंजा खोडकर, हा पिक्चरमधला हट्टी आणि हिंसक आहे. दिग्दर्शक आदित्य सरपोतदार मराठीच, त्यामुळे घर, अंगण, आजीची भाषा कुठे खोटी वाटत नाही, आणि सुहास जोशी तर आहेतच. आजीला सत्यराजचा तो भूत काढणारा एल्विस मात्र अजिबात पटला नाही. त्यानंतर तिनेच विचारलं की अजून आहेत का असले, मग स्त्री, मग भेडिया. भेडियात झोपली. स्त्री २ मध्ये सरकट्या भुताचं मुंडकं वेगळं फिरायला लागल्यावर म्हणाली, आता पुरे, मुंजाच बरा होता.

दोन_पोरांची_आई

वरच्या ताईंना सांगायचंय की आजीला चाललं म्हणून पोरांना चालेल असं नाही!! आम्ही पण मुंज्या आधी लावला, म्हणलं मराठी वातावरण आहे, छोटा आहे, दोन तासांत संपतो. मुलगा ८ वर्षांचा. पिक्चरभर हसत होता. रात्री साडेतीनला मला उठवून म्हणतो बाथरूमच्या दारात उभी राहा आणि बोलत राहा. काय बोलू म्हणलं, तर म्हणे पाढे म्हण. पंधरा दिवस मी अपरात्री सतराचा पाढा म्हणतेय.

गंमत म्हणजे नंतर स्त्री दाखवला तर त्याला काहीच वाटलं नाही. मी विचारलं का रे, ही भीतीदायक नाही? तर म्हणाला, चंदेरी लांब आहे, आपल्या गेटवरच पिंपळ आहे. लहान मुलं असतील तर लांबच्या भुतापासून सुरू करून हळूहळू घराजवळ या, हा माझा क्रम.

अर्धा_तिकीट

माझा प्रॉब्लेम वेगळाच. मला पिक्चर संपला की पार्किंगची घाई. भेडिया बघितला तेव्हा संपल्या संपल्या बाहेर, त्यामुळे शेवटी विकी आणि बिट्टू येतात हे मला माहीतच नाही, आणि भेडिया आणि स्त्री एकाच दुनियेतले आहेत हेही मला दीड वर्ष कळलं नव्हतं. मला वाटायचं अभिषेक बॅनर्जी (म्हणजे जना) दोन्हीकडे आहे कारण तो सगळीकडेच असतो. मुंज्याला पण तेच, दिवे लागले, मी उठलो, बायको म्हणाली बस, मी म्हणलं गाडी अडकेल, जिन्यात असताना आतून शिट्ट्या ऐकू आल्या. परत जाऊन बघतो तर झाडूवाले आत शिरलेले. आणि मग स्त्री २ मध्ये भेडियावाला वरुण धवन आल्यावर अख्खं थिएटर ओरडतंय आणि मी बायकोला विचारतोय हा इथे कसा. तिने जे बघितलं माझ्याकडे.

तर क्रम कुठलाही लावा, नावं पळायला लागली की रिमोट खाली ठेवा.

डॅलसकर

इकडे आमच्या कल्-डी-सॅकवर (बंद गल्लीत) दोन मराठी, एक कन्नड आणि एक गोरं कुटुंब असं दर शुक्रवारी जमतं. गोऱ्यांना भारतीय भूत काय माहीत, म्हणून मी डोकं चालवून भेडिया आधी लावला. लांडगा चावला की माणूस लांडगा होतो हे त्यांना समजवावं लागत नाही. खाली इंग्रजी अक्षरं होतीच. अरुणाचलमधल्या झिरोचं जंगल बघून शेजारी म्हणाला हे इंडिया आहे? त्याच्या डोक्यात इंडिया म्हणजे वाळवंट आणि ट्रॅफिक. पिक्चर अडीच तासांहून जास्त आहे, मध्ये पिझ्झा गरम करावा लागला, पण रस्त्यासाठी जंगल तोडायला आलेला दिल्लीचा कंत्राटदारच जंगलाचा लांडगा होतो हे त्यांना बरोब्बर पोचलं. ईशान्येकडच्या पोराला बाकीचे परका समजतात, तो जोमिनवाला भाग, त्यावर तर पिक्चर थांबवून चर्चा झाली.

पुढच्या शुक्रवारी स्त्री. "ओ स्त्री कल आना" ला कन्नड वहिनी एकदम उसळल्या, अरे हे आमचं आहे, नाळे बा! बंगळुरात त्यांच्या लहानपणी दारादारांवर लिहायचे म्हणे, उद्या ये, म्हणजे ती रोज येऊन वाचते आणि रोज परत जाते. त्यांच्या आईने खडूने लिहिलेलं त्यांनी स्वतः बघितलंय. गोरा शेजारी विचारतो, म्हणजे तुमची भुतं वाचतात? वहिनी म्हणाल्या, वाचतातच नाही, सांगितलेलं ऐकतातही, तुझ्या मुलांपेक्षा बरी.

भेडिया आधी झाल्याने एक तोटा मात्र झाला. जना आल्यावर आपल्याला "अरे हा तर!" असं होतं ते त्यांना उलटं झालं, स्त्रीमध्ये तो दिसल्यावर म्हणे याला लांडग्याने सोडलं वाटतं.

बिट्टू_नक्की_कोणता

कोणीच कसं लिहिलं नाही की यात दोन बिट्टू आहेत! चंदेरीचा बिट्टू म्हणजे अपारशक्ती आणि मुंज्यातला पुण्याचा बिट्टू म्हणजे अभय वर्मा. माझ्या आईने मुंज्या आणि स्त्री २ लागोपाठ बघितले, एकाच रविवारी, आणि स्त्री २ मध्ये कोणी बिट्टू म्हणून हाक मारली की म्हणायची, अरे याची आई पार्लर चालवते ना, हा इकडे कधी आला, आणि एवढा कसा वाढला. मी समजावून दमलो. मुंज्या आणि स्त्री २ च्या मध्ये किमान एक आठवडा सोडा, किंवा एखादा दुसरा पिक्चर घाला. जेवणात मध्ये ताक पितो तसं.

काळाचा_हिशेब

मी एकदा कथेतल्या काळाप्रमाणे बघायचा प्रयत्न केला होता, लॉकडाऊनमध्ये लागलेली सवय. थामा सुरू होतो तो सिकंदराच्या काळात, म्हणून तो आधी दहा मिनिटं. मग पॉज करून मुंज्याचं १९५२. मग पॉज करून स्त्री. स्त्रीमध्ये ते विजयराजचे शास्त्रीजी आहेत, ज्यांना वाटतं की आणीबाणी अजून चालूच आहे, त्यांना कुठे बसवायचं? तिथे मी सोडून दिलं. करू नका.

वेंगुर्लेकर

थामाबद्दल कोणीच बोलेना म्हणून लिहितो. मी थामा सगळ्यात आधी बघितला कारण दिवाळीत गावाला गेलो नव्हतो, शहरात एकटाच होतो, मित्र ओढून घेऊन गेला. बेताळ म्हणजे रक्त पिणारे, सुळे बाहेर, नवाजुद्दीन डोळे फिरवतोय. माझ्या तोंडातून थिएटरातच निघालं, "आमचो वेतोबा रगात पिणारो न्हय, तो राखणदार आसा!" पुढच्या रांगेतल्या दोघांनी वळून बघितलं, एक जण हसला, तो नक्की आमच्याकडचा.

ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो, वेंगुर्ल्याजवळ आरवलीला वेतोबाचं देऊळ आहे. तिथे नवस फेडायला केळीचे घड आणि चामड्याच्या चपला वाहतात. चपला म्हणजे आपल्या मापाच्या नाही, हातभर लांब. कारण तो रात्रभर गावाच्या सीमेवर फिरतो, झिजणारच. माझ्या काकाने एकदा मला लहानपणी तिथल्या जुन्या चपलांचा तळ दाखवला होता, हे बघ टाच घासली. मी तेव्हा मान डोलावली होती आणि आजही डोलावतो, वाद नको. गोव्यात पण आमोण्याला बेताळ ग्रामदेव आहे. म्हणजे विक्रमाच्या खांद्यावरचा वेगळा, आमचा वेगळा, आणि पिक्चरवाल्यांचा अजून तिसराच.

पण क्रमाचं म्हणाल तर थामा आधी बघणं ही चूकच. त्यात भेडियाशी मारामारी आहे, ती तो कोण हे माहीत नसेल तर नुसता गोंगाट. आणि सत्यराजचा एल्विस येतो तेव्हा बाजूचे टाळ्या वाजवत होते आणि मला वाटलं साउथचा कोणी हिरो आला म्हणून. मुंज्या बघितल्यावर कळलं. आता मी गावी गेलो की पुतण्यांना मुंज्या, मग भेडिया, मग थामा असं दाखवणार, आणि थामा लावायच्या आधी आरवलीला नेऊन चपला दाखवणार.

रात्रपाळी

भेडिया स्किप करा, स्लो आहे. बाकी कुठूनही चालतं.

तारीखवाला

@रात्रपाळी, भेडिया स्किप केला तर स्त्री २ चा शेवट कसा कळणार? सरकट्याशी लढायला लांडगा काय ऑनलाइन मागवला का?

रात्रपाळी

मला तर कळला. लांडगा आला, मारामारी झाली, स्त्री आली, संपलं. आणि हो, वेड्यांच्या इस्पितळातला अक्षय कुमार मला सगळ्यात जास्त आवडला, त्याला तर कुठलाच मागचा पिक्चर लागत नाही.

धागाकर्ती

बापरे, एवढे प्रतिसाद! सगळं वाचून पुढच्या शनिवारी नणंदेला पोरांसकट परत बोलावलं. दोन_पोरांची_आई यांचं ऐकून लांबच्या भुतापासून, म्हणजे स्त्रीपासून सुरुवात. यावेळी कीर्तन बंद, मी फक्त भजी तळली. बसचा शॉट आला तेव्हा मुद्दाम झारा हातात घेऊन बाहेर येऊन सगळ्यांची तोंडं बघितली. सासूबाई म्हणाल्या, म्हणजे हीच ती का गं? आणि मी काही बोलले नाही. पंधरा दिवसांपूर्वी त्यांनी उत्तर बघितलेलं आहे, पण विसरल्या, देवाची कृपा. भेडिया रविवारी झाला, @अर्धा_तिकीट तुमच्यामुळे शेवटपर्यंत बसलो, थॅंक्यू. मुंज्या पुढच्या वेळी, दिवसाउजेडी.

फक्त एक झालं. धाकट्याने शनिवारी रात्री झोपायच्या आधी आमच्या दारावर खडूने लिहून ठेवलं, आणि शाळेत मराठी आहे म्हणून शुद्ध मराठीत: "बाई, उद्या या." सकाळी कोणाच्या लक्षात आलं नाही. साडेनऊ वाजले तरी मावशी आल्या नाहीत म्हणून फोन केला, तर म्हणाल्या, आले होते की ताई, दारावर वाचलं आणि गेले.

रात्रीच्या भज्यांची कढई मीच घासली.