मदत हवी आहे: चाल बाबांची, नाव भलत्याचंच. कॉपीराइट कोणाचा?

नमस्कार मंडळी, इंदूरहून लिहितेय, रामबागेतून. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

माझे बाबा इथल्या एका संस्थेत आठवड्यातून दोनदा पेटी शिकवायला जायचे, पगार नाही, मानधन तेही कधीमधी. १९८६ ला सेक्रेटरींनी कागद हातात दिला की मास्तर, हे आपलं संस्थागीत, चाल लावून द्या. बाबांनी लावली. शाल, श्रीफळ, १०१ रुपये, विषय संपला, लिखापढी काही नाही. तेव्हापासून प्रत्येक कार्यक्रमाआधी लोक उभं राहून ते म्हणतात, म्हणजे आमच्या घरापुरतं ते राष्ट्रगीतच. बाबा २०१४ ला गेले. आता संस्थेने ते नव्याने रेकॉर्ड करून यूट्यूबवर टाकलं आणि खाली संगीत म्हणून दुसऱ्याचंच नाव! आईने ऐकलं, पोह्यांचा गॅस बंद केला नि आत निघून गेली.

बाबांची नोटेशनची वही आहे माझ्याकडे. अंतऱ्यात पोरांना वरचा सा लागेना म्हणून तिथे पेन्सिलीने खोडून मध्यमावरच थांबवलंय, आणि या "नव्या" चालीतही नेमकं तिथेच थांबलेत!

फोन केला तर म्हणे, ताई अशा गीतावर कसला हक्क, उद्या जन गण मनचेही पैसे मागाल. मग मी शोधत बसले. युगांडाचं राष्ट्रगीत रचणारे जॉर्ज काकोमा रॉयल्टीसाठी स्वतःच्याच सरकारविरुद्ध कोर्टात गेले होते. दक्षिण कोरियाच्या राष्ट्रगीताचे संगीतकार आन इक-ते यांच्या घरच्यांनी २००५ ला हक्क सरकारला देऊन टाकले, म्हणजे द्यायला होते ना?

भाऊ म्हणतो पैसे माग. मला नाव हवंय फक्त. काय करू?

---

प्रतिसाद, वडोदरा: ताई, जन गण मनवरही कॉपीराइट होताच की. टागोर १९४१ ला गेले, मुदत १९९१ अखेर संपणार होती, कायदा बदलून दहा वर्षं वाढवली, २००१ ला संपली. आता रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, म्हणजे तुमचं २०७४ पर्यंत. रजिस्ट्रेशन नसलं तरी हक्क असतो, आणि चालीचा हक्क शब्दांपेक्षा वेगळा. बाबा पगारी नोकर असते आणि चाल नोकरीचा भाग म्हणून केली असती तर हक्क संस्थेचा. बाहेरचे असतील तर त्यांचाच, कारण हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी सही लागते, शाल-श्रीफळाने जात नाही. नावासाठी कॉपीराइट कायद्याचं कलम ५७ बघा, ते वारसांनाही मागता येतं. आधी वकिलाकडून नोटीस पाठवा आणि वही स्कॅन करून ठेवा, मूळ प्रत कोणालाच देऊ नका. पगाराचा काही कागद आहे का?

---

मी: खूप आभार दादा. पगाराचं काहीच नाही, पण वहीच्या मागच्या कव्हरात दोन पावत्या निघाल्या, रेव्हेन्यू स्टॅम्पवर बाबांची सही, "पेटी वर्ग, मानधन रु. ४०". आईनेच काढून दिल्या, कुठे आहेत ते तिला माहीत होतं.