कोरी सायकलवाले डॉ. कार्ल कोरी: बायकोसाठी खरंच नोकऱ्या नाकारल्या का?

मीनल_ठाणे:
एमबीबीएसच्या पहिल्या वर्षी कोरी सायकल सगळ्यांनीच घोकलेली असते, स्नायूत ग्लुकोज तुटून लॅक्टेट होतं, ते लिव्हरला जातं आणि तिथे परत ग्लुकोज बनून स्नायूकडे येतं. पण कोरी हे नवराबायको होते, प्रागहून अमेरिकेत गेलेले डॉक्टर, हे मला परवा कळलं. बायकोला सोबत काम करता येत नाही म्हणून कार्लने नोकऱ्या नाकारल्या असंही वाचलं, खरंय का? माझी बहीण पण डॉक्टर आहे, लग्न करून अमेरिकेत गेली आणि डिपेंडंट व्हिसावर घरात बसलीय, म्हणून विचारावंसं वाटलं.

जुना_बायोकेम:
खरं आहे मीनलताई. दोघं १८९६ चे, प्रागच्या जर्मन विद्यापीठात एका वर्गात, १९२० मध्ये डॉक्टर झाले आणि त्याच वर्षी लग्न केलं. पहिलं महायुद्ध नुकतंच संपलेलं, व्हिएन्नात कार्लची बायको गर्टी बालरुग्णालयात काम करायच्या, तिथलं जेवण इतकं निकृष्ट की व्हिटॅमिन ए कमी पडून डोळे बिघडले. त्या जन्माने ज्यू, आणि ऑस्ट्रियातल्या ग्राझला तर कार्लना आपण ज्यू नसल्याचं सिद्ध करावं लागलं, मग तिथे राहायचं कशाला? १९२२ मध्ये कार्ल अमेरिकेतल्या बफेलोला गेले, गर्टी काही महिन्यांनी. तिथेही वरिष्ठांनी गर्टींना बजावलं, नवऱ्यासोबतचं संशोधन बंद करा नाहीतर नोकरी जाईल. दोघांनी ऐकलं नाही. पुढे एका विद्यापीठाने कार्लना चांगली जागा देऊ केली पण अट हीच, बायकोबरोबर काम करायचं नाही. कार्लनी सरळ नकार दिला. शेवटी १९३१ मध्ये सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठाने दोघांनाही घेतलं.

रेवा_नागपूर:
घेतलं, पण कसं तेही सांगा ना. कार्ल प्रोफेसर आणि विभागप्रमुख, गर्टी नुसत्या रिसर्च असोसिएट, पगार त्याच्या काही हिश्श्याएवढा. १९३६ मध्ये मुलगा टॉम झाला तेव्हा सेंट लुईसच्या उन्हाळ्यात, एसी नसलेल्या लॅबमध्ये अगदी शेवटपर्यंत काम करत होत्या. त्याच वर्षी दोघांनी ग्लुकोज-१-फॉस्फेट (फॉस्फेट जोडलेलं ग्लुकोज) वेगळं काढलं. आणि प्रोफेसर कधी झाल्या? १९४७ ला, म्हणजे दोघांना नोबेल मिळालं त्याच वर्षी! कार्ल चांगला माणूस होता यात वादच नाही, पण एकट्या नवऱ्याच्या चांगुलपणावर बाईचं करिअर चालावं हे मला पटत नाही.

जुना_बायोकेम:
रेवा, पूर्ण मान्य. कार्ललाही ते माहीत असणार, नोबेलच्या वेळच्या भाषणात त्यांनी स्पष्ट म्हटलं की एकाशिवाय दुसरा इतका पुढे गेला नसता. त्याच वर्षी गर्टींना अस्थिमज्जेचा बरा न होणारा आजार निघाला, रक्त चढवत राहायचं एवढाच उपाय. तरी पुढची दहा वर्षं त्या लॅबमध्ये येत राहिल्या, आराम करायला तिथेच एक खाट टाकलेली, चालवेना तेव्हा कार्ल उचलून एका खोलीतून दुसरीकडे न्यायचे. १९५७ मध्ये त्या गेल्या.

मीनल_ठाणे:
डोळ्यात पाणी आलं वाचताना. रेवा, तुझं म्हणणं बहिणीला जसंच्या तसं पाठवतेय, तिच्या नवऱ्यालाही. आणि टॉमचं काय झालं पुढे?

जुना_बायोकेम:
केमिस्ट झाला. लॅबमध्ये सिग्माच्या रसायनांच्या बाटल्या बघतो ना आपण, त्या सिग्मा-ऑल्ड्रिच कंपनीचा तो प्रमुख होता.