प्रोस्टेट फक्त ३४ ग्रॅम, तरी रात्री चारदा उठतो. हिशेब जुळत नाही

जमाखर्च (प्रश्न)

मंडळी, वय ६२. सगळी नोकरी हिशेबनीस म्हणून गेली, त्यामुळे आकडे जुळले नाहीत की मला झोप येत नाही. सध्या तशीही येत नाही, कारण रात्री चारदा लघवीला उठतो.

वर्षभरात धार बारीक होत गेली. उभं राहिल्यावर सुरू व्हायला वेळ लागतो, मधेच तुटते, आणि झालं म्हणून बाहेर आलो की पँटमध्ये चार थेंब. दिवसा कळ आली की थांबवत नाही. घरी पोचून कुलपात किल्ली घालताना तर हमखास पंचाईत होते, जणू त्या किल्लीचा आवाज लघवीच्या पिशवीला कळतो.

सोनोग्राफी झाली. प्रोस्टेट ३४ ग्रॅम, मूत्राशयाची भिंत ६ मिमी, 'किंचित जाड'. लघवी करून आल्यावर आत उरलेली १८० मिली. पीएसए (प्रोस्टेटची रक्ततपासणी) १.९, साखर नॉर्मल. डॉक्टरांनी टॅम्सुलोसिन ०.४ दिलंय, तीन आठवड्यांनी या म्हणाले. बाहेर रांग होती, मी विचारायचं ते विचारलंच नाही.

माझ्या साडूंची प्रोस्टेट ७० ग्रॅम आहे. ते आडवे झाले की थेट सकाळी उठतात. मग निम्म्या गाठीला दुप्पट त्रास कसा? गाठ खाली आहे तर वरच्या पिशवीची भिंत का जाड झाली? आणि हे १८० मिली किती वाईट?

लवकरनिजे

संध्याकाळनंतर पाणी कमी करा. माझे चारचे दोन झाले. दिवसभराचं पाणी मात्र तोडू नका, लघवी दाट झाली की जळजळते आणि जास्तच वेळा जावं लागतं.

पंपवाला

मी ६९. तीस वर्षं पंप दुरुस्त केले, त्यामुळे हा आजार झाल्यावर जो तो मलाच पाइपाची उपमा ऐकवायचा. ती अर्धीच बरोबर आहे. कुठे चुकते ते सांगतो.

आधी तुमच्या साडूंचे ७० ग्रॅम. प्रोस्टेट पिशवीच्या तोंडाखाली, मूत्रनळीला वेढून असते. वय वाढलं की नळीलगतचा भाग वाढतो. ती वाढ बाहेरच्या अंगाला गेली तर गाठ मोठी होऊनही वाट बऱ्यापैकी मोकळी राहते. आत दाबली, किंवा तिचा मधला भाग जिभेसारखा पिशवीच्या तोंडात घुसला, तर ३० ग्रॅमही पुरतात. शिवाय तिथे स्नायूंचे धागे असतात, ते आवळून बसले तर वाट आणखी चिंचोळी. टॅम्सुलोसिन हे आवळणं सैल करतं. गाठ लहान करत नाही, म्हणून तर काही दिवसांतच फरक कळतो. लहान करणाऱ्या गोळ्या वेगळ्या, फिनास्टेराइड आणि ड्युटास्टेराइड. त्या मोठ्या प्रोस्टेटसाठी, आणि त्यांना सहा महिने तरी द्यावे लागतात. त्या चालू असताना पीएसए साधारण निम्मा दिसतो. पुढेमागे तुम्हाला दिल्या तर पीएसए बघणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला हे सांगायचं.

आता पंप. पंपापुढचा व्हॉल्व्ह अर्धा बंद केला म्हणून पंप काही जाडजूड होत नाही. पिशवी होते, कारण ती स्नायूची आहे. रोज अडथळ्याविरुद्ध जोर लावून तिची भिंत जाड होते आणि धार काही काळ बरी राहते. आपल्याला वाटतं काही झालेलंच नाही. पण अशी पिशवी चिडकी होते. थोडी भरली तरी स्वतःहून आवळायला लागते. तुमची कुलूपकिल्लीची पंचाईत ती हीच. अडथळा खाली आहे, घाई मात्र वरून येते.

त्यानंतरचा टप्पा फसवा, आणि मी तिथेच फसलो. पिशवी दमते. जोर कमी पडतो, लघवी उरत जाते, आणि भरल्याची जाणीवही बोथट होते. माझी घाई कमी झाली होती. मी खूश! गोळी बंद केली, डॉक्टरकडे जाणं बंद केलं. आठ महिन्यांनी सर्दी झाली, नाक मोकळं करणारी साधी गोळी घेतली, आणि त्या रात्री एक थेंब बाहेर येईना. ओटीपोट दगडासारखं. घाम, येरझाऱ्या, नळ सोडून उभं राहणं, सगळं झालं. पहाटे नळी घातली तेव्हा ९०० मिली निघाली. तसल्या सर्दीच्या गोळ्यांतलं स्यूडोएफेड्रिन पिशवीचं तोंड आणखी आवळतं, आणि झोप आणणाऱ्या जुन्या अ‍ॅलर्जीच्या गोळ्या पिशवीचा जोर कमी करतात. हे मला नळी लावल्यावर कळलं.

पुढे दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली. आधी पडद्यावर पिशवीची आतली बाजू दाखवली. गुळगुळीत असायला हवी. माझी भिंत आडव्यातिडव्या दोऱ्या ताणल्यासारखी, आणि मधेमधे खळगे. ऑपरेशनला तासभर लागला. दुसऱ्या आठवड्यात धार तरुणपणासारखी, पण घाई सात महिने गेली नाही, आणि आजही रात्री दोनदा उठतो. वाट मोकळी केली म्हणून पिशवी लगेच पहिल्यासारखी होत नाही, आणि फार उशीर केला तर कधीच होत नाही. म्हणून ग्रॅम मोजत बसू नका. तुमच्या कागदावर बघायचे आकडे दोनच, ६ मिमी आणि १८० मिली.

रात्रपाळी

युरॉलॉजी वॉर्डात नर्स आहे. जमाखर्च काका, त्या १८० वर अजून शिक्का मारू नका. सोनोग्राफीला जाताना काय केलं होतंत? बहुतेक जण बाटलीभर पाणी पितात, तास-दीड तास दम धरून बसतात आणि अगदी असह्य झाल्यावर टेबलावर जातात. इतकी ताणलेली पिशवी मग नीट आकुंचन पावत नाही, त्यात परकं स्वच्छतागृह आणि दारावर थाप. उरलेली लघवी खोटी जास्त दिसते. पुन्हा मोजताना नेहमीसारखी कळ आली की जा, घाई करू नका, आणि मग लगेच मोजून घ्या. तपासणीच्या आकड्याला एकच दिवस माहीत असतो. तीच गोष्ट धारेच्या तपासणीची. १५० मिलीपेक्षा कमी लघवी झाली तर आलेख बघण्यात अर्थ नाही. धार सेकंदाला १० मिलीच्या खाली असेल तर अडथळ्याची शंका येते, पण दमलेल्या पिशवीचीही धार तितकीच मंद असते. दोन्हींत फरक करायला कधी कधी पिशवीतला दाब मोजावा लागतो.

तीन दिवस वही ठेवा. मापाच्या भांड्यात लघवी, वेळ आणि मिली. सात प्रश्नांचा तक्ता पण डॉक्टरांकडून भरून घ्या, ० ते ३५ गुण असतात, ८ ते १९ म्हणजे मध्यम त्रास.

लघवी झाल्यावर मिनिटभर थांबून पुन्हा एकदा प्रयत्न करा, कुंथू नका. बसून केली तरी चालते, पुरुषांना उगाच लाज वाटते. ते चार थेंब नळीच्या वाकात अडकलेले असतात. अंडकोशामागे बोटांनी हलका दाब देत पुढे सरकवलं की निघतात. बद्धकोष्ठ होऊ देऊ नका. टॅम्सुलोसिनने उठल्यावर चक्कर येऊ शकते, म्हणून रात्री आधी पलंगाच्या कडेला बसा, मग उभे राहा. मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं असेल तर या गोळीबद्दल डोळ्यांच्या डॉक्टरला आधी सांगा.

लघवी अजिबात न होणं, रक्त दिसणं, थंडी वाजून ताप, यात वाट बघायची नाही.

आणि साडूंबद्दल. रात्रभर न उठणं चांगलंच, पण एकदा विचारा की अंथरूण ओलं होतं का. या वयात नव्याने होत असेल तर बऱ्याचदा पिशवी काठोकाठ भरून सांडत असते. दुखत नाही, घाई नसते, आणि तो दाब मागे मूत्रपिंडांवर जात असतो.

जमाखर्च

रात्रपाळीताई, बाटलीभर नाही, दीड बाटली प्यालो होतो. आणि हो, दारावर थाप पण पडली होती.

वही लिहिली. तक्त्यात १७ आले. २४ तासांची लघवी १९०० मिली, त्यातली रात्रीची, पहाटे उठल्याउठल्याची धरून, ७६०. म्हणजे ४० टक्के. एवढी रात्रीच का?

रात्रपाळी

तुमच्या वयात एक तृतीयांशाहून जास्त म्हणजे शरीर रात्री जास्त लघवी बनवतंय. ते प्रोस्टेटच्या खात्यात नाही. संध्याकाळी पाय सुजतात का? घोरता का? रक्तदाबाची कोणती गोळी?

जमाखर्च

अ‍ॅम्लोडिपिन. मोज्यांची खूण रोज उमटते, मी लक्षच दिलं नव्हतं.

पंपवाला

त्या गोळीने काहींचे पाय सुजतात. दिवसा पायात साठलेलं पाणी आडवं झालं की परत रक्तात येतं आणि पिशवीत उतरतं. स्वतःहून बंद मात्र करू नका. मी केलेला शहाणपणा वर लिहिलाय.

जमाखर्च (तीन आठवड्यांनी)

पुन्हा मोजलं, या वेळी नेहमीसारखी कळ आल्यावर. उरलेली ६५ मिली. धार बरी आहे, थेंबांचा उपाय अचूक. किल्लीची पंचाईत आहेच, पण रोजची नाही. रक्तदाबाच्या डॉक्टरांनी गोळी बदलली, दुपारी तासभर पाय उंच ठेवून पडायला सांगितलं. रात्री आता दोनदा, कधी एकदा.

साडूंना तसलं विचारायचं माझं धाडस झालं नाही. बायकोने तिच्या बहिणीला विचारलं. चार महिन्यांपासून गादीवर प्लास्टिक घालतात, आणि कोणाला सांगायचं नाही असं त्यांनी बजावलंय. मी फोन करून फक्त माझ्या ३४ ग्रॅमची रडकथा ऐकवली, आणि सोबत म्हणून पुढच्या वेळी चला म्हटलं. शनिवारी निघतोय. त्यांची सोनोग्राफी आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडांची रक्ततपासणी) दोन्ही करून घेणार. पाणी किती प्यायचं ते मीच सांगितलंय, बाटली माझ्याकडेच ठेवली आहे.