मदत हवी आहे : खाऊची नावं असलेल्या समुद्रजीवांना मालवणी नावं सुचवा

नमस्कार मंडळी. मी मालवण तालुक्यात किनाऱ्यालगतच्या प्राथमिक शाळेत चौथीला शिकवते. विज्ञान प्रदर्शनासाठी मुलांनी यंदा विषय घेतलाय "खाऊच्या नावाचे समुद्रजीव". नावं भरपूर गोळा झाली, पण सगळी इंग्रजी. पोस्टरवर आपल्याकडची नावं हवीत आणि घोडं तिथेच अडलंय.

विषय निघाला एका मुलामुळे. वाळूत सापडलेलं पांढरं, चपटं, गोल कवच तो रुमालात बांधून घेऊन आला आणि म्हणाला, "बाई, ह्येच्यावर बिस्किटासारखी नक्षी आसा." तो सँड डॉलर होता, समुद्री साळिंदराचा भाऊबंद. वरच्या बाजूला पाच पाकळ्या असतात. त्या पाकळ्यांतल्या बारीक छिद्रांतून निघणाऱ्या नळ्यांनी तो श्वास घेतो. तोंड खाली, मधोमध. हलवला तर आत खुळखुळ वाजतं. कवच कडेला आधीच फुटलेलं होतं, त्यातून पांढरे तुकडे पडले, इवलाल्या पक्ष्यांसारखे. ते त्याच्या जबड्याचे भाग. न्यूझीलंडमध्ये याला 'सी कुकी' म्हणतात. आमच्या वर्गातल्या एका मुलीने कवचावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "अनारसो!" बारीक बारीक पुटकुळ्यांचा तो पृष्ठभाग खरोखर खसखस लावलेल्या अनारशासारखा लागतो. मला तर हे नाव बिस्किटापेक्षा कितीतरी चपखल वाटलं. तेव्हापासून ठरवलंय की इंग्रजी नावांचं नुसतं भाषांतर करायचं नाही. मुलांच्या स्वयंपाकघरात जे शिजतं, त्यातूनच नाव यायला हवं.

भूमध्य समुद्रात एक जेलीफिश आहे. मधोमध पिवळा घुमट, भोवती फिकट कडा. तिकडे तिला 'फ्राइड एग' म्हणतात. मुलांनी एका सुरात 'हाफ फ्राय' म्हटलं, तिथे वाद नाही.

कुकीकटर शार्क जेमतेम अर्धा मीटर लांब, पण देवमासा किंवा टूना यांच्या अंगाला ओठ चिकटवून, गोल फिरत मांसाचा लचका काढते. मागे राहते गोल खळगी. मोठी पोळी लाटून वाटीने पुऱ्या कापतो, तशी. 'पुरीची वाटी' असं नाव मुलांनी सुचवलंय. मला आवडलं, पण शार्क म्हणजे आपली मोरी, ते त्यात कसं आणायचं?

खरा घोळ आहे सी गूजबेरीचा. ती जेलीफिश नव्हे, दंश करत नाही. काचेसारखा गोल जीव, फार तर दोन-अडीच सेंटीमीटरचा, अंगावर उभ्या आठ ओळी. त्या ओळींतले बारीक केस हलले की प्रकाश फुटून इंद्रधनुष्याचे रंग सरकत जातात. दोन लांब तंतू असतात, चिकट, त्यांनीच भक्ष्य पकडते. गूजबेरी म्हणजे आवळा धरून 'समुद्री आवळा' लिहिलं तर चालेलही, पण आवळ्यावर रेघा सहा आणि त्याही पुसट. आमच्या शाळेमागे रायआवळ्याचं झाड आहे, त्याच्या फळाला सहा ते आठ ठसठशीत फुगे असतात. मुलांनी फळं तोडून मोजलीसुद्धा. म्हणून 'दर्याचा रायआवळा' डोक्यात आहे.

समुद्रकाकडी, म्हणजे काकडीसारखा लांबट, मऊ समुद्रजीव, हा शब्द पुस्तकी वाटतो. आपल्याकडे मोठी जून काकडी म्हणजे तवसं, ज्याचं धोंडास करतो. ते नाव द्यावं का? तिच्याबद्दल पोस्टरवर ठळक लिहिणार आहे: 2001 पासून भारतातल्या सगळ्या समुद्रकाकड्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, पकडणं गुन्हा आहे. डिवचली की काही जातींच्या काकड्या आतडी बाहेर टाकतात आणि नंतर नवी वाढवतात. हे ऐकून मुलं गप्पच झाली.

आता माझे प्रश्न.

घरात कोणी मासेमारीत असेल तर कृपया विचारा: वाळूतल्या त्या पाकळीच्या कवचाला आणि जाळ्यात येणाऱ्या या काचेच्या गोळ्यांना तुमच्या गावात काय म्हणतात? देवगड, वेंगुर्ला, रत्नागिरी, हर्णै, कुठलंही चालेल. जुनं नाव मिळालं तर आम्ही बनवलेलं मागे घेऊ.

दुसरं, आपल्याच माशांतली खाऊची नावं. हलवा आहे, जिताड्याला काही ठिकाणी खजुरी म्हणतात, शिंगाडा आहे. शिंगाड्याचं मला कळतं: माशाचं नाव काट्यांवरून आणि फळाचंही मूळ शृंगाटक, म्हणजे दोघांत शिंगच. पण हलवा आणि खजुरी यांचा खाऊशी संबंध आहे का? घरच्या म्हाताऱ्या माणसांनी काही सांगितलं असेल तर लिहा.

भर: एका ताईंनी विचारलं, म्हणून सांगते. जिवंत सँड डॉलर पांढरा नसतो. तपकिरी किंवा जांभळट असतो आणि अंगावर मखमलीसारखे बारीक काटे असतात. तसा दिसला तर मुलांना तो पाण्यात परत सोडायला सांगा. आम्ही फक्त पांढरी, रिकामी कवचं घेतलीत.

शुक्रवारी दुपारी पोस्टर रंगवायला घेणार. अनारसा रंगाने लिहून झालाय, रायआवळा अजून पेन्सिलीत आहे.