विषय: कोकणातली वादळं, मंडळाचा मदतनिधी आणि पुण्यातली खरेदी

प्रेषक: खजिनदार

नमस्कार मंडळी,
मे उजाडला. अरबी समुद्रात पुन्हा निसर्ग किंवा तौक्तेसारखं चक्रीवादळ उठलं तर ऐनवेळी धावाधाव नको. आपलं मंडळ परदेशातलं, म्हणून पुणेकरांना दोन प्रश्न. कपडे-पांघरुणांच्या पेट्या पाठवायच्या की पैसे? आणि पैसे तुमच्यापैकी कुणाच्या खात्यात टाकले तर चालेल का?

---

प्रेषक: पुणे, कोथरूड

कपडे नकोत. ओले-सुके, लहान-मोठे निवडत बसायला गावातलीच माणसं अडकतात, आणि त्याच माणसांना आपापलं घर शाकारायचं असतं. निसर्ग 3 जून 2020 रोजी रायगडच्या किनाऱ्याला धडकलं, म्हणजे पावसाळा अगदी दारात होता. तेव्हा आधी छप्पर.

वादळानंतर म्हसळा, श्रीवर्धन, दापोलीकडे पत्रे आणि कौलं मिळेनाशी होतात. खरेदी पुण्यातून करावी. ताडपत्री आणि दोर बोहरी आळीत मिळतात. ताडपत्री 200 जीएसएमच्या (चौरस मीटरला ग्रॅममध्ये वजन) खालची घेऊ नका, 250 उत्तम. यूव्ही प्रक्रिया केलेलीच मागा, नाहीतर उन्हाने चिरते. माप 24 बाय 18 फूट आणि सोबत प्रत्येकी 30 मीटर नायलॉनची दोरी. दोरी नसलेली ताडपत्री पहिल्याच वाऱ्याला शेजाऱ्याच्या वाडीत जाते.

पत्रे द्यायचे तर जे-हुक (पत्रे खाली आवळून धरणारे वाकडे बोल्ट) आणि वॉशर त्याच गाडीत हवेत. पत्रे पोचले आणि हुक मागे राहिले, तर लोक पत्र्यावर दगड ठेवून भागवतात. पुढच्या वादळात तेच दगड उडतात. भोक पत्र्याच्या उंचवट्यावर पाडायचं, खोलगटात पाडलं तर गळतं. हुक फार आवळला की वॉशर फाटतो आणि तिथूनही गळती लागते. पत्र्यावर पत्रा कडेने निदान दीड पन्हळ चढवायचा, उतारावर 15 सेंटिमीटर. वारा वळचणीखालून शिरून छप्पर वर उचलतो, म्हणून वळचण, आढं आणि दोन्ही कडा इथे हुक जवळजवळ हवेत. मधे थोडे विरळ चालतील.

रस्ता ताम्हिणी घाटातून माणगाव, पुढे म्हसळा. वरंध घाट पावसाळ्यात भरवशाचा नाही. दरड कुठे आली आहे ते विचारल्याशिवाय ट्रक भरू नका.

---

प्रेषक: ह्यूस्टन

इकडे हरिकेननंतर निळी ताडपत्री छपरावर लाकडी पट्ट्या ठोकून बसवतात. कडा पट्टीला गुंडाळून मग खिळे मारायचे आणि ताडपत्री आढ्यावरून पलीकडच्या पाख्यावर तीन-चार फूट न्यायची, म्हणजे पाणी खाली शिरत नाही. तिकडेही असंच करा ना. पेट्या पाठवायच्याच तर साखळी करवती आणि जनरेटर पाठवता येतील.

---

प्रेषक: पुणे, कोथरूड

आढ्यावरून पलीकडे न्यायची सूचना पक्की घ्यावी. खिळे मात्र कौलारू घराला चालत नाहीत, कौल फुटतं. तिथे ताडपत्रीच्या कडेला वाळूच्या गोण्या बांधून दोन्ही पाख्यांवर सोडायच्या, किंवा दोरी वळचणीखालून घेऊन वाशांना बांधायची. आधी वासे आणि रीपा हलवून बघाव्यात. कुजक्या वाशावर माणूस चढला तर मदतीऐवजी दवाखाना.

करवती नकोत. चालवणारा शिकलेला नसेल तर पडलेलं झाड करवतीपेक्षा घातक. ताणाखाली वाकलेलं खोड कापताच उसळून अंगावर येतं. जनरेटर इथेच भाड्याने मिळतो. एक एचपीचा पंप सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढतो, म्हणून निदान 3 केव्हीएचा घ्या. तो पडवीत किंवा बंद खोलीत ठेवायचा नाही, धुराने माणसं गुदमरून मेली आहेत.

जनरेटरची गरज मुख्यतः विहिरीसाठी. वीज जाते, पंप थांबतो, आणि विहिरीत वाडीचा पाला कुजत असतो. पाला काढा, उपसा करा, मग टीसीएल (पाणी निर्जंतुक करायची ब्लीचिंग) पावडर. हिशोब सोपा आहे: व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली (सगळं मीटरमध्ये), त्याला 785 ने गुणलं की लिटर. तीन मीटर व्यास आणि चार मीटर पाणी म्हणजे साधारण 28 हजार लिटर. हजार लिटरला अडीच ग्रॅम धरून 70 ग्रॅम पावडर. ती थेट विहिरीत फेकायची नाही. बादलीत कालवून दहा मिनिटं निवळू द्या, वरची निवळ दुसऱ्या बादलीत घ्या आणि ती पाण्यात सोडून ढवळा. खालचा चुना टाकून द्यायचा. तासाभराने ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलं आहे का ते बघायचं. पिवळा रंग आला नाही तर डोस वाढवा. उघड्या पोत्यातली जुनी पावडर निकामी असते, सीलबंद पाकीटच घ्या.

बागायतदारांसाठी आणखी एक. तलाठी आणि कृषी सहायक पंचनामा करून जाईपर्यंत पडलेली सुपारी-नारळ हलवू नयेत, निदान झाडागणिक फोटो काढून ठेवावेत. साफ केलेल्या वाडीत झाडं मोजणार कशी? आणि नारळाची सावली गेली की उभ्या राहिलेल्या सुपारीचं खोडही उन्हाने पोळतं, म्हणून रोपांबरोबर केळीचे कंद द्या. केळ लवकर सावली धरते. सुपारीला फळ यायला पाच-सहा वर्षं लागतात, तेव्हा निधीतला काही भाग पहिल्या महिन्यात उडवू नका.

---

प्रेषक: पुणे, सदाशिव पेठ (हिशेबाचं मी लिहितो)

खजिनदारसाहेब, कुणाच्याही वैयक्तिक खात्यात टाकू नका. मंडळ तिकडे नोंदलेलं आहे, म्हणजे त्याचा पैसा कायद्याने परकीय अंशदान ठरतो. ओसीआय कार्डधारकांचाही (परदेशी नागरिकत्व असलेले भारतीय वंशाचे) तसाच. घेणाऱ्या संस्थेकडे एफसीआरए (परकीय अंशदान नियमन कायदा) नोंदणी हवी आणि रक्कम आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या तिच्या खात्यात जायला हवी. भारतीय पासपोर्टवाल्यांनी स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेला पैसा यात मोडत नाही. त्यांनी थेट साध्या नोंदणीकृत ट्रस्टला दिला तरी चालतो.

मोठ्या संस्थेला द्या, ती गावच्या संस्थेला देईल, हा मार्ग सप्टेंबर 2020 च्या दुरुस्तीने बंद झाला. जी संस्था पैसे घेईल तिनेच खर्च करायचा. म्हणून संस्था निवडताना विचारा: पत्रे आणि ताडपत्र्या तुम्ही स्वतः खरेदी करणार का, बिलं तुमच्या नावावर येणार का? नोंदणी पाच वर्षांची असते. चालू आहे का ते गृह मंत्रालयाच्या यादीत बघा.

80जी ची (देणगीवरच्या करसवलतीची) पावती भारतात करपात्र उत्पन्न असलेल्यांनाच उपयोगी. बाकीच्यांना तिकडची करसवलत हवी असेल तर मंडळाच्या खात्यातूनच द्यावं लागेल. देणगीदारांच्या दोन याद्या करून पाठवा, पासपोर्टप्रमाणे.