लीबोचा फायदा: खरा की क्लबातली दंतकथा?

खारावारा:
परवा डिंगीच्या (लहान शिडाच्या होडीच्या) शर्यतीत वरच्या, म्हणजे वाऱ्याकडच्या, बोयाकडे चढत होतो. वारा समोरून, ओहोटीची ओढ आडवी, डावीकडून उजवीकडे. मी स्टारबोर्ड टॅकवर, म्हणजे वारा होडीच्या उजव्या अंगावर. शिकवणाऱ्या सरांचा मंत्र आठवला: नाळ (होडीचं पुढचं टोक) अजून जराशी वाऱ्यात घाल, ओढ नाळेच्या वाऱ्याआडच्या अंगावर घे, म्हणजे पाणीच तुला वर ढकलेल. यालाच लीबो म्हणतात. केलं तसं. शिडाची पुढची कड थरथरायला लागली, होडी मंदावली आणि मागच्या दोघी खालच्या अंगाने सुळकन पुढे गेल्या. माझ्यापुरतं सांगतो, लीबो ही थाप आहे. बोला आता.

जुनंशीड:
थाप? अहो, पलीकडच्या किनाऱ्यावरचं झाड आणि बोया एका रेषेत धरून बघा. लीबोवर होडी वाऱ्यात चढत जाते, हे मी शेकडो वेळा पाहिलंय. डोळ्यांना दिसतं ते खोटं कसं?

वहीपेन:
दिसतं ते खरंच आहे काका, पण अर्धंच. पोर्ट टॅकवर (वारा डाव्या अंगावर) तीच ओढ तुम्हाला आडवं फेकते, ते मात्र कुणी लक्षात ठेवत नाही.

आकडे घेऊ. वारा उत्तरेचा, १० नॉट (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल). ओढ पूर्वेकडे, २ नॉट. होडी पाण्याबरोबर पूर्वेला वाहते, म्हणून तिला समोरून, पूर्वेकडून, २ नॉटचा जादा वारा लागतो. दोन्हींची बेरीज १०.२ नॉट, आणि दिशा उत्तरेपासून सुमारे ११ अंश पूर्वेला. हा वळलेला वारा ताफ्यातल्या प्रत्येक होडीला सारखाच मिळतो. स्टारबोर्डवर नाळ ११ अंश वर जाते, पोर्टवर तेवढीच खाली येते.

सेंटरबोर्डला (होडीखालच्या उभ्या पात्याला) किनारा दिसत नाही, त्याला फक्त भोवतालचं पाणी कळतं. नाळ मुरडून ओढीला 'दुसऱ्या बाजूने' घेता येत नाही, कारण होडीच्या दृष्टीने ओढ नसतेच. मुरडल्याने जातो तो वेग, आणि वेग गेला की सेंटरबोर्डची पकड सुटून होडी वाऱ्याआड घसरते. खारावारा, तुमचं नेमकं हेच झालं.

जुनंशीड:
वहीतलं पाणी सगळीकडे सारखं वाहतं हो! खऱ्या पाण्यात उथळ जागी ओढ मंद, खोल जागी जोरात, आणि भरती फिरते तीही आधी कडेला. ओढ विरोधात असली की मी कडेला का पळतो मग?

वहीपेन:
तिथे शंभर टक्के सहमत. शर्यती जिंकल्या जातात त्या यावरच. पण तो जागेचा फायदा झाला, लीबोचा नव्हे.

पहिलीशर्यत:
मध्येच विचारते. ओढ वाऱ्याच्या रेषेतच असेल तर?

वहीपेन:
वारा ८ नॉट, ओढ वाऱ्याच्या विरुद्ध २ नॉट, तर शिडाला मिळतात १०. ओढ वाऱ्याबरोबर असेल तर ६. शिडावरचा जोर वेगाच्या वर्गाने बदलतो, म्हणजे १०० ला ३६. पहिल्या वेळी लाटाही आखूड आणि उभ्या होतात. सुरुवातीच्या रेषेवर तेव्हा ओढच तुम्हाला आधी पलीकडे नेते, खालीच थांबा. दुसऱ्या वेळी सगळा ताफा रेषेवर उशिरा पोहोचतो, वरच्या बोयाखालीही अडकतो. तिथे लेलाइन (जिथून पुन्हा न वळता थेट बोया गाठता येतो ती रेषा) थोडी जास्तच धरा, नाहीतर बोयाला घासाल.

जुनंशीड:
आणि ओढ बघायला अर्धी पाणी भरलेली बाटली बोयाजवळ टाका. रिकामी टाकाल तर ती वाऱ्याने पळते, ओढीने नाही. मिनिटाने अंतर बघा. (बाटली उचला मात्र परत!)

पण वहीपेन, लीबोवर अजून माझी माघार नाही. ओढ बदलत असली तर?

वहीपेन:
काका, इथे तुम्ही पकडलंत मला. ओढ वेळेनुसार बदलली की तो वळलेला वाराही बदलतो. ओढ वाढत असेल तर लीबोचा टॅक नंतरसाठी ठेवायचा, उतरत असेल तर आधी वापरायचा. लीबोत सत्य असेल तर एवढंच, आणि त्यात नाळ मुरडणं कुठेच नाही. खारावारा, ओहोटी सुरू होऊन किती वेळ झाला होता?

खारावारा:
तासभर.

जुनंशीड:
म्हणजे वाढतीच. सहा तासांच्या ओहोटीत पाण्याचे बारा हिस्से धरले तर पहिल्या तासाला १ जातो, दुसऱ्याला २, तिसऱ्या-चौथ्याला ३-३. तुझी ओढ अजून अंगात यायची होती.

खारावारा:
मग मी आधी पोर्टवर जायला हवं होतं?

वहीपेन:
हो. पूर्ण वेगात.

जुनंशीड:
आणि लीबो शेवटी. मी काय म्हणत होतो!